वायर पुन्हा बाहेर ओढता आली पाहिजे

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांत अजून कुठेकुठे सागाच्या पट्टीवर लिंक क्लिपांनी बसवलेलं वायरिंग दिसतं. पट्टी वाळवीनं पोखरलेली, वायरीवरचं रबर बोटानं दाबलं की भुगा होऊन गळतं, आणि अर्थिंगची वायर मुळातच नाही. ते बदलायला घेतलं की पहिला प्रश्न येतो, भिंतीत झिरी मारून (खाच कापून) पाइप आत पुरायचा की भिंतीवरूनच न्यायचा?

चुन्यात बांधलेल्या भिंतीला झिरी मारू नये, असं माझं ठाम मत आहे. कटर लागला की चुना धरून राहत नाही. दोन बोटांच्या झिरीसाठी वीतभर गिलावा सुटतो. विटांच्या भिंतीतही उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशाहून आणि आडवी एक षष्ठांशाहून खोल नको. साडेचार इंची भिंतीत आडव्या झिरीला जेमतेम पाऊण इंच मिळतो. त्यात 20 मिलिमीटरचा पाइपच पुरता बसत नाही, मग वर गिलावा कुठला धरणार?

भिंतीवरून नेताना सॅडल, म्हणजे पाइप भिंतीला धरून ठेवणारी पट्टी, दर 60 सेंटिमीटरला, आणि बेंड (वळण) किंवा कपलरच्या (जोडाच्या) दोन्ही बाजूंना 30 सेंटिमीटरच्या आत. इथे खिळे वाचवू नका. पीव्हीसीचा तीन मीटरचा पाइप जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत सहाएक मिलिमीटर लांबतो. सॅडल विरळ असले की तो मध्ये पोट काढतो आणि सांधा सुटतो. सांध्याला चिकटवायचं सोल्युशन लावाच. नव्या स्लॅबमध्ये तर सोल्युशनशिवाय एकही सांधा नको, कारण काँक्रीटचं पाणी आत शिरून घट्ट झालं की तो पाइप कायमचा गेला.

सगळ्यात जास्त चुका पाइपात किती वायरी भरायच्या यात होतात. वायरींनी पाइपाच्या आतल्या जागेचा 40 टक्क्यांहून जास्त भाग व्यापू नये. बाकीची जागा हवेला आणि ओढकामाला लागते. वायरमन बहुतेक वेळा जागा बघतो, उष्णता बघत नाही. अडीचची (अडीच चौरस मिलिमीटरची) तांब्याची पीव्हीसी वायर एकट्या सर्किटसाठी पाइपातून नेली, तर 30 अंश तापमानाला आंतरराष्ट्रीय कोष्टकाप्रमाणे 24 अँपिअर वाहते. बडोद्याच्या उन्हाळ्यात माळ्यालगत 45 अंश धरा, म्हणजे 0.79 नं गुणा. त्याच पाइपात एसी, गीझर आणि ओव्हन अशी तीन सर्किटं असतील तर आणखी 0.70 नं. उरतात 13 अँपिअर. वर एमसीबी, म्हणजे जास्त करंट वाहिला की पडणारा स्विच, मात्र 16 किंवा 20 चा. तिन्ही उपकरणं एकदम चालली तर एमसीबी पडणार नाही आणि वायर तापत राहील. पीव्हीसी 70 अंशांपर्यंतचं असतं. त्यापुढे ते कडक होत जातं, शेजारच्या वायरीला चिकटतं, आणि पुढे कधी बदलायला गेलात तर ओढूनही हलत नाही. चारची वायर घेतली तर याच हिशोबात 32 चे साडेसतरा उरतात आणि 16 चा एमसीबी चालतो. त्याहून बरं म्हणजे जड उपकरणाला स्वतंत्र पाइप. चार पाइप जास्त लागले तरी पुन्हा भिंत फोडण्यापेक्षा स्वस्तच पडतं.

दोन बॉक्सांच्या मध्ये दोनपेक्षा जास्त बेंड नकोत. तिसरा आलाच तर मध्ये जंक्शन बॉक्स टाका. काटकोनी एल्बो वापरू नका, स्प्रिंग घालून पाइप मोठ्या गोलाईत वाकवा. हॅकसॉनं कापलेल्या तोंडावर आतून बोट फिरवून बघा, जी धार बोटाला लागते तीच ओढताना वायरीची साल काढते. कानशीनं घासा आणि बॉक्समध्ये बुश लावा. फेज, न्यूट्रल, अर्थ एकत्र बांधून एकदमच ओढायचे. एक आधी आणि दुसरी मागाहून ओढली तर मागची वायर वळणावर पुढचीला करवतीसारखी घासते. अडकलं तर फ्रेंच चॉक चोळा. तेल किंवा ग्रीस नको, त्यानं पीव्हीसी बिघडतं. पाइपाच्या आत सांधा अजिबात नको. सांधे फक्त बॉक्समध्ये, उघडून बघता येतील असे.

लाकडी छताच्या माळ्यावर उंदीर फिरतात. तिथे प्लॅस्टिकपेक्षा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप घ्या, त्याला अर्थ करा आणि फेज-न्यूट्रल एकाच पाइपातून न्या. एकटी फेज लोखंडी पाइपातून नेली की पाइपच तापतो. इंटरनेट आणि टीव्हीच्या वायरींना वेगळा पाइप, समांतर जात असेल तर फूटभर अंतरावर.

विश्वामित्री नदीच्या बाजूला तळमजला असेल तर फरशीखालून पाइप नेऊ नका. 2019 च्या जुलैअखेरीस आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये पाणी घरांत शिरलं. फरशीखालच्या पाइपात अशा वेळी गाळ बसतो आणि वायर तिथेच अडकते. पाइप छताकडून खाली उतरवा, म्हणजे बोर्ड बुडाला तरी पाणी आपोआप निथळतं. वाटेत कुठेही यू आकार नको. खालच्या सॉकेटांना वेगळा एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) ठेवली तर पाणी चढायच्या आत तेवढाच भाग बंद करता येतो आणि वरच्या मजल्यावरचे दिवे चालू राहतात.

गिलावा करण्याआधी प्रत्येक पाइपात जीआय वायर घालून दुसऱ्या टोकाला बाहेर काढून बघा. मग प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, भिंतीला टेप लावून, आकडे दिसतील असा. मुख्य बोर्डापासून माळ्यापर्यंत दोन रिकामे 25 मिलिमीटरचे पाइप सोडा, आत नायलॉनची दोरी घालून, तोंडं झाकणांनी बंद करून.