दुखत नसतानाची गोळी

मला मायग्रेन (अर्धशिशी). त्याचे झटके कमी व्हावेत म्हणून गोळी रोज घ्यायची असते. डोकं दुखत नसताना रोज गोळी कशाला, हे घरच्यांना पटवता पटवता नाकी नऊ आले. मला दमा, म्हणून प्रोप्रॅनोलॉल ही गोळी बाद, ती दम्यात चालत नाही. टोपिरामेट या दुसऱ्या गोळीने बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या, सोडा चक्क बेचव लागायचा आणि बोलता बोलता ओळखीची नावंही आठवेनात. आता रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन, अगदी कमी डोस. तोंडाला कोरड पडते, सकाळी जडपणा असतो. पण झोप लागते हो! गुण यायला २-३ महिने लागतात, तोवर डोकेदुखीची डायरी. डोकं दुखायला लागल्यावर घ्यायच्या ट्रिप्टानच्या गोळ्यांचीही नोंद ठेवते, कारण महिन्यात १० किंवा जास्त दिवस त्या घेत राहिलं तर त्यांच्यामुळेच डोकं धरतं. अ‍ॅमिट्रिप्टिलिननेही नाही भागलं तर सीजीआरपी या मायग्रेनला हातभार लावणाऱ्या शरीरातल्या रेणूला रोखणारी इंजेक्शनं, असं डॉक्टर म्हणालेत.