लिमरिकला मन्स्टरचा सामना पाहायला जाताना

आयर्लंडच्या मन्स्टर प्रांताच्या रग्बी संघाचा सामना बघायचा तर विमानाच्या तिकिटाआधी वेळापत्रक बघा, आणि त्यातही मैदानाचं नाव. या संघाची घरं दोन: लिमरिकचं थॉमंड पार्क आणि कॉर्कचं मस्ग्रेव्ह पार्क. दुसरं हल्ली प्रायोजकाच्या नावाने, व्हर्जिन मीडिया पार्क असं छापलेलं असतं. एखादा फार मोठा सामना असला की कॉर्कमध्येच पार्क ई क्वीव हे तिसरं मैदान घेतात. नोव्हेंबर 2022 मध्ये मन्स्टरने दक्षिण आफ्रिका 'अ' संघाला 28-14 असं हरवलं ते तिथेच, 41 हजारांवर प्रेक्षकांसमोर. दोन शहरांत सुमारे 100 किलोमीटरचं अंतर आहे, त्यामुळे लिमरिकला हॉटेल आणि कॉर्कला सामना ही चूक महागात पडते. शिवाय प्रक्षेपणाच्या सोयीने वार आणि वेळ मागाहून पक्की होते. तोवर परत न मिळणारे पैसे कशातही गुंतवू नका.

शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही. ब्रिटनच्या व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शेरा असेल तर त्यावर जाता येतं, पण आधी ब्रिटनमध्ये उतरून तिथलं इमिग्रेशन पार केलेलं असावं लागतं.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून लिमरिकला दोन-सव्वादोन तास लागतात. बऱ्याच गाड्यांना लिमरिक जंक्शनला बदल असतो. हे जंक्शन लिमरिकमध्ये नाहीच, टिपरेरी काउंटीत आहे. नाव वाचून बॅगा घेऊन स्टेशनाबाहेर पडू नका, फक्त फलाट बदला. तुमचं स्टेशन कोल्बर्ट.

जमल्यास शुक्रवारी रात्रीपर्यंत पोहोचा. शनिवारी सकाळी मिल्क मार्केटमध्ये पोटभर खाऊन घ्या (शाकाहाऱ्यांनी तर नक्कीच, मैदानात चिप्सवर भागवावं लागतं) आणि दुपारी एखादा क्लबचा सामना गाठा. मन्स्टर समजायचं असेल तर ही पायरी गाळू नये. आयर्लंडमध्ये इतरत्र रग्बी हा बहुतेक महागड्या खासगी शाळांतून आलेल्यांचा खेळ. लिमरिकमध्ये तो गोदी कामगारांच्या वस्त्यांतही रुजला. गॅरीओवेन, शॅनन, यंग मन्स्टर ही नावं इथे घराण्यासारखी सांगितली जातात. चेंडू उंच उडवून त्याच्याखाली धावत जाण्याच्या किकला जगभर 'गॅरीओवेन' म्हणतात, ते याच क्लबवरून. ऑल आयर्लंड लीग ही क्लबांची स्पर्धा 1990-91 मध्ये सुरू झाली आणि पहिली नऊच्या नऊ विजेतेपदं मन्स्टरच्या क्लबांनी नेली, त्यातली चार ओळीने शॅननने. पुढच्या युरोपीय यशाचं मूळ इथे आहे.

ओकॉनेल स्ट्रीटवर एक उंच विटांची इमारत दिसेल. जुनी प्रवासमाहिती तिथल्या रग्बी संग्रहालयाची शिफारस करते, पण ते 2024 च्या अखेरीस बंद झालं. रस्ता मात्र पाहून घ्या. युरोपीय चषकाची अंतिम फेरी मन्स्टरने 2000 मध्ये एका गुणाने गमावली होती, 2002 मध्ये पुन्हा गमावली. 2006 ला कार्डिफमध्ये बियारित्झविरुद्ध धाकधूक चालू असताना मैदानातल्या पडद्यावर याच रस्त्यावरची लाल गर्दी दाखवली गेली. सामना 23-19 असा जिंकला. 2008 मध्ये तुलूझला 16-13 हरवून दुसऱ्यांदा चषक आला.

इथून मैदानाकडे टॅक्सी करू नका, सामन्याच्या दिवशी पायीच लवकर पोहोचाल. सार्सफील्ड ब्रिजवरून शॅनन नदी ओलांडा, उजवीकडे नदीकाठाने ट्रीटी स्टोनपर्यंत या, मग थॉमंडगेटमधून वर. रमतगमत पाऊण तास धरा.

31 ऑक्टोबर 1978, मंगळवार. याच जागी मन्स्टरने न्यूझीलंडला 12-0 हरवलं. क्रिस्टी कँटिलनचा ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणं, तेव्हा चार गुणांचा), टोनी वॉर्डचं कन्व्हर्जन (ट्रायनंतर मिळणारी दोन गुणांची किक) आणि त्याचेच दोन ड्रॉप गोल (चालू खेळात चेंडूला टप्पा देऊन मारलेली किक, तीन गुणांची). त्या दौऱ्यात न्यूझीलंड एवढा एकच सामना हरलं. मैदान नव्याने बांधून झाल्यावर नोव्हेंबर 2008 मध्ये तोच पाहुणा आला. मन्स्टरच्या चार न्यूझीलंडर खेळाडूंनी आधी स्वतःचा हाका (माओरी युद्धनृत्य) केला, आणि सामना 16-18 असा निसटला. माझ्या मते मात्र थॉमंड पार्कचा खरा सामना जानेवारी 2003 चा. युरोपीय चषकाची पुढची फेरी गाठायला ग्लॉस्टरविरुद्ध चार ट्राय आणि 27 गुणांचा फरक, दोन्ही हवं होतं. शेवटी जॉन केलीने चौथा ट्राय केला तेव्हा धावफलक 31-6, म्हणजे फरक 25 चा. रोनन ओगाराची कन्व्हर्जनची किक खांबांमधून गेली आणि 33-6 झालं. नेमके 27!

त्या किकमुळेच एक पथ्य सांगतो. कोणीही, अगदी प्रतिस्पर्धीसुद्धा, गोलला किक मारायला उभा राहिला की इथे सगळे गप्प होतात. वानखेडेच्या सवयीने तेव्हा ओरडलात तर आजूबाजूचे 'श्श' करतील.

पूर्वेचे आणि पश्चिमेचे स्टँड बसायचे, त्यांना छप्पर आहे. दोन्ही टोकांना उभं राहायचे टेरेस आहेत. स्वस्त, पण उघडे. मजा टेरेसवर, मात्र तासभर आधी पोहोचून पुढची जागा धरा आणि लहान मुलांना तिथे नेऊ नका, त्यांना पाठी सोडून काही दिसत नाही. पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, छत्रीचा उपयोग नाही. टोपीचं रेनकोट-जॅकेट आणि जाड मोजे घ्या. डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो.

संध्याकाळच्या सामन्यानंतर डब्लिनची शेवटची गाडी मिळेल या हिशेबावर राहू नका, मुक्काम लिमरिकलाच करा. लेन्स्टर या शेजारच्या प्रांताच्या संघाविरुद्धचा सामना बहुधा नाताळच्या आठवड्यात येतो आणि तिकिटं लवकर संपतात. 25 आणि 26 डिसेंबरला लांब पल्ल्याच्या रेल्वे धावत नाहीत. सामना 26 ला असेल तर 24 लाच लिमरिक गाठा, आणि 25 चं जेवण कुठे मिळेल ते हॉटेलला आधी विचारून ठेवा, कारण त्या दिवशी जवळपास सगळं शहर बंद असतं.