चौथी सीट

पंजा किंचित उपडा धरायचा आणि माशी हाकलावी तशी दोन बोटं हलवायची. तोंडाने काही बोलायचं नाही. बोललात, की तुम्ही नवीन आहात हे लोकलच्या अख्ख्या लेडीज डब्याला कळतं. बोटं हलली की खिडकीवाली भिंतीला टेकते, मधली तिला टेकते, तिसरी मधलीला, आणि बाकाच्या कडेला चार बोटं जागा उघडी पडते. हीच ती चौथी सीट. एक मांडी बाकावर, दुसरी हवेत, सगळा भार पॅसेजमधल्या पायावर. अशा अवस्थेत डोंबिवलीहून दादर गाठायचं. आणि तरी ती मिळाली की लॉटरी लागल्यासारखं वाटतं.

बाक करणाऱ्याने तिघींचा विचार केला होता. चौथीचा हक्क कुठल्याही कागदावर नाही, डब्यात तशी पाटी नाही. पण बोटं हलल्यावर सरळ 'नाही' म्हणणाऱ्या बायका मी वीस वर्षांत जेमतेम पाच-सहा पाहिल्या असतील. त्यातल्या दोघी नंतर सरकल्याच.

लग्न होऊन मी मिरजेहून डोंबिवलीला आले तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात समोर उभ्या असलेल्या एका काकूंनी भुवया उडवून विचारलं, "कुठे?" मुंबईत कुणी कुणाची चौकशी करत नाही असं ऐकून आलेली मी एकदम हरखले. म्हटलं, "मूळची मिरजेची. पण आता इथे डोंबिवलीला, पांडुरंगवाडीत..." काकू नुसत्या बघत राहिल्या. शेजारचीने हसू दाबत मला कोपर मारलं. "अगं, उतरणार कुठे ते विचारतायत त्या."

'कुठे' या एका शब्दावर संध्याकाळची अख्खी लोकल चालते. "कुठे?" "घाटकोपर." "मला हां." झाला व्यवहार. घाटकोपरला उठणारीने सीट दुसरीला दिली असं सहसा होत नाही. दिलीच, तर पुढचे आठ दिवस तिला ऐकून घ्यावं लागतं. आता प्रश्न असा, की तिसरी उठल्यावर चौथ्या सीटवर अर्धी लटकलेली आत सरकणार, की जिने आधी सांगून ठेवलंय ती बसणार? मिरजेत गाण्याची घराणी, तशी इथे सीटची दोन घराणी आहेत. एक म्हणतं, सांगितलेली सीट म्हणजे पूर्ण सीट. दुसरं म्हणतं, चौथीने आत सरकायचं आणि सांगणारीने चौथीवर टेकायचं. मी दुसऱ्या घराण्याची. चौथी सीट भोगलेली कुठलीही बाई दुसऱ्याच घराण्याची असते.

नियम मोडला तर शिक्षा काय? काही नाही. फक्त कुणीतरी, कुणाकडेही न बघता, जरा वरच्या पट्टीत म्हणतं, "काही काही लोकांना ना..." वाक्य पुरं करायची गरजही पडत नाही. तिकडून दुसरी म्हणते, "जाऊ दे गं, सोड." हे 'सोड' पहिल्या वाक्याहून जास्त लागतं. मी एकदा पॅसेजकडच्या टोकाला बसून, पाठ दुखत होती म्हणून, डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं होतं. ठाणे ते कुर्ला ते कसंबसं निभावलं. मान खरोखर झोपलेल्या बाईसारखी लटकवायची म्हणजे किती कष्ट असतात! कुर्ल्याला डोळे उघडले तर समोर उभी असलेली बाई शांतपणे माझ्याकडेच बघत होती. काही बोलली नाही. मी मुकाट्याने सरकले. त्यानंतर झोपायचं झालं तर मी खरीच झोपते.

याच डब्यात डोहाळजेवणं होतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दाराला झेंडूचं तोरण लागतं, पेढे वाटले जातात, परतीच्या गाडीत मेथी निवडताना अनोळखी बाई निम्मी जुडी आपल्याकडे ओढून घेते. हे सगळं खरं. आणि ठाण्याला चढणाऱ्या बाईला दारातून आत येऊ न देणाऱ्याही याच बायका, हेही खरं.

"ठाण्याहून गाड्या सुटतात ना? त्यात चढायचं!" हे वाक्य सकाळच्या गाडीत इतक्यांदा म्हटलं जातं की ते कुणा एकीचं राहिलेलंच नाही. आपल्या डब्यात शिरणाऱ्या प्रवाशाला अडवणं हा १९८९च्या रेल्वे कायद्याप्रमाणे चक्क गुन्हा आहे. लिहिलेला कायदा दारात असा रोज तुडवला जातो, आणि न लिहिलेला आत, चौथ्या सीटवर, इमानेइतबारे पाळला जातो. एकदा ठाण्याच्या एका बाईंनी उलट सुनावलं. "१६ एप्रिल १८५३ला पहिली गाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच आली होती! तुमच्या कल्याणपर्यंत रूळ पोचायला पुढचं वर्ष उजाडलं." दारात क्षणभर शांतता. मग एक हसली, मग सगळ्याच, आणि बाई आत आल्या. त्यांना 'त्यात चढायचं' हे सुनावणारी मीच होते. मिरजेत मी कुणाला असं बोलले नसते. घरात तर मुळीच नाही. शब्द माझ्या तोंडून निघाले खरे, पण मी ते घरून आणले नव्हते. दारात उभं राहिलं की ते आपसूक येतात.

पुढे गुडघा कुरकुरायला लागला आणि मी फर्स्ट क्लासचा पास काढला. तोच प्लॅटफॉर्म, तीच गाडी, मधे फक्त एक पत्रा. पहिल्या दिवशी सवयीने बोटं हलवली. तिघींनी माझ्या हाताकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचा टूथब्रश मागितला होता. एकीने सौम्य आवाजात सांगितलं, "इथे तिघीच बसतात." कुणी ठरवलं? तिलाही माहीत नव्हतं. गंमत म्हणजे ती माझ्या ओळखीची निघाली. दोन वर्षांपूर्वी सेकंडमध्ये आम्ही एकाच बाकाच्या टोकांना होतो, आणि तेव्हा तिने मला चौथी सीट दिली होती, तीही न मागता. सहा महिन्यांनी एक मुलगी बोटं हलवत समोर आली, तेव्हा "इथे तिघीच बसतात" हे मी सांगितलं. आवाजही तसाच सौम्य लागला.

मग एसी लोकल आली. पश्चिम रेल्वेवर २०१७च्या नाताळात, आमच्या मध्य रेल्वेवर थोडी उशिराच. या गाडीचं अजून काहीच ठरलेलं नाही. इथे सेकंडमधून आलेल्या आहेत, फर्स्टमधून आलेल्या आहेत, आणि थेट ओलामधून उतरून आलेल्याही आहेत. प्रत्येकीच्या अंगात आपापला जुना डबा. दार बंद होतं त्यामुळे दारातली भांडणं मिटली, पण बाकाचं काय करायचं हे कुणालाच नक्की माहीत नाही. गेल्या मंगळवारी घाटकोपरला एक मुलगी चढली. खांद्यावर लॅपटॉपची बॅग, हातात डबा. तिने आमच्या बाकासमोर येऊन पंजा जरासा उपडा केला, दोन बोटं हलवली, आणि लगेच हात मागे घेतला, चुकलं की काय अशा बेताने.

मी खिडकीशी होते. इंचभर सरकले. मधलीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या बाकाकडे. समोरच्या तिघी आमच्याचकडे बघत होत्या.