मिश्र गट घेऊन गुलमर्गला स्कीइंग: मधल्यांचा विचार आधी करा

फेब्रुवारीच्या मध्यावर गुलमर्गला गेलेल्या आमच्या पुण्या-मुंबईच्या गटात चार तऱ्हेची माणसं होती. काहींनी पायात स्की कधीच घातली नव्हती, काहींनी उत्तराखंडातल्या औलीला एखादा कोर्स केला होता, काही खोल भुसभुशीत बर्फात सहज उतरणारी होती आणि काहींना स्कीइंग करायचंच नव्हतं, फक्त बर्फात राहायचं होतं. असा गट जमला की ठिकाण ठरवताना चर्चा दोन टोकांभोवती फिरते: नवख्यांना झेपेल का आणि पट्टीच्यांना कंटाळा येईल का. गुलमर्गमध्ये या दोघांचीही उत्तम सोय आहे. हाल होतात ते मधल्यांचे, म्हणजे सपाट केलेल्या उतारावर नीट वळता येतं पण खोल बर्फात पाय अडकतात अशांचे. तुमच्या गटात अशी माणसं किती, हे आधी मोजा. ठिकाणाची निवड त्यावरच करावी.

कारण गुलमर्गच्या रचनेत आहे. गाव सुमारे २,६५० मीटरवर, बशीसारख्या मैदानात. नवख्यांचे मंद उतार आणि दोरीला धरून वर ओढणाऱ्या छोट्या लिफ्ट इथेच आहेत. गोंडोलाचा, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेचा, पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, तो सुमारे ३,०८० मीटरवरच्या कोंगदूरीला नेतो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवत डोंगराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो. बोलताना सगळे ‘फेज वन’ आणि ‘फेज टू’ म्हणतात. फेज टूवरून खाली कोंगदूरीपर्यंत जवळजवळ ९०० मीटरची उतरण आहे आणि ती यंत्रानं दाबून सपाट केलेली नसते. युरोपात नवख्यांच्या आणि तज्ज्ञांच्या उतारांमध्ये निळ्या-लाल खुणांचे लांबच लांब उतार असतात. इथे ती मधली पायरी फार अरुंद आहे: कोंगदूरीवरून मेरीज शोल्डरकडे जाणाऱ्या चेअरलिफ्टखालचा भाग, आणि कोंगदूरीवरून झाडांमधून गावात येणारी वाट. बस्स.

म्हणून गटात नवखे आणि पट्टीचे जास्त असतील तर गुलमर्ग नक्की. मधलेच जास्त असतील आणि खर्चाची तयारी असेल, तर जॉर्जियातल्या गुदौरीचा विचार करा. तिबिलिसीपासून साधारण १२० किलोमीटरवर झाडं नसलेले, रुंद, रोज सपाट केलेले उतार आहेत. दुबई-अबूधाबीला राहणाऱ्या मराठी मंडळींना तर ते सोयीचंही पडतं. सगळेच नवखे असतील तर औली चांगलं: उतार मंद, गढवाल मंडल विकास निगमचे कोर्स आणि डोळ्यांसमोर नंदादेवी. मात्र जमीन खचल्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठहून वर जाणारा रोपवे बंद पडला. त्यामुळे बर्फ पडल्यावर वरच्या रस्त्याची चौकशी करूनच निघा. मनालीजवळचं सोलंग एक-दोन दिवस चव घेण्यापुरतं ठीक आहे, आठवड्याची सुट्टी तिथे घालवू नये.

कधी जायचं

चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, कडाक्याच्या थंडीचे. पण थंडी आहे म्हणजे बर्फ आहेच असं नाही. जानेवारी २०२४ चा बराचसा काळ गुलमर्ग कोरडं होतं. २०२५ मध्ये बर्फ कमी असल्यामुळे ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून ९ ते १२ मार्चवर ढकलाव्या लागल्या. मिश्र गटासाठी फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा पहिला आठवडा बरा. वर बर्फ साठलेला असतो आणि खाली नवख्यांची बोटं गोठत नाहीत. मार्चमध्ये मैदानातला बर्फ दुपारी पातळ होऊन स्कीला चिकटतो, तेव्हा शिकवणी सकाळीच उरकावी. २६ जानेवारीच्या आसपास आणि शनिवार-रविवारी गोंडोलाची रांग दमवणारी असते. हॉटेलचे पैसे भरताना तारीख पुढे ढकलता येते का, हे लिहून घ्या.

पोचणं

श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. त्यातले शेवटचे १३ किलोमीटर टंगमर्गनंतरच्या घाटाचे. ताजा बर्फ असेल तर टंगमर्गला गाड्या अडवतात आणि चाकांना साखळ्या असलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्याच वर सोडतात. श्रीनगरच्या टॅक्सीवाल्याशी बोलताना ‘टंगमर्गपर्यंत की हॉटेलच्या दारापर्यंत’ हे आधीच ठरवा, नाहीतर सामान आणि लहान मुलं घेऊन रस्त्यात दुसरी गाडी शोधावी लागते. बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिमकार्डं जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. गटात निदान दोन-तीन पोस्टपेड नंबर वेगवेगळ्या कंपन्यांचे हवेत, कारण वरच्या उतारांवर एकाची रेंज असते तर दुसऱ्याची नसते.

पोचल्याच्या दिवशी स्कीइंग करू नका. समुद्रसपाटीवरून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी २,६५० मीटरवर झोपतो. डोकं जड होणं, झोप नीट न लागणं हे तिथे नेहमीचं आहे. पाणी भरपूर प्या, मद्य टाळा, आणि तो वेळ सामान भाड्यानं घेण्यात घालवा.

बूट

सुट्टी बिघडते ती बहुतेक बुटांमुळे, त्यामुळे इथे घाई नको. सकाळी नऊ-दहाला दुकानात झुंबड असते, दुकानदार हाताला येईल तो जोड देतो. आदल्या संध्याकाळी जा. पायात एकच, गुडघ्यापर्यंतचा लोकरीचा मोजा. दोन मोजे घातले तर उब वाढत नाही, रक्तप्रवाह दबून बोटं आणखी गार पडतात. पँटचं टोक किंवा थर्मल बुटात खोचू नका, नडगीला वळ उठतात. टाच मागे ठोकून बसवा, आधी घोट्याजवळची बकल, मग वरची, शेवटी पंजावरची सैलसर. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की बोटं मागे सरकली पाहिजेत आणि टाच उचलली जाता कामा नये. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, तो ‘आरामशीर’ वाटला तरी परत करा. सैल बुटात पाय वळतो पण स्की वळत नाही, आणि नवख्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. दहा मिनिटं बूट घालून दुकानात फिरा.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. माणूस पडला की ते सुटलं पाहिजे. ते किती जोरावर सुटेल हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरतं. दुकानदारानं विचारलं नाही तरी ही माहिती सांगा, वजन खरं सांगा, आणि नवखे असाल तर तसंच सांगा. घट्ट ठेवलेलं बाइंडिंग सुटलं नाही की जोर गुडघ्यावर येतो. कोणी स्वतःचे टूरिंग (स्कीवर चढून जाण्यासाठीचे) बूट आणणार असेल तर त्यांचा तळवा भाड्याच्या बाइंडिंगमध्ये बसेलच असं नाही, तिथे तपासून घ्या. नवख्यांना हनुवटीपर्यंतची स्की पुरे. खोल बर्फात उतरणाऱ्यांना मधोमध १०० मिलिमीटर किंवा जास्त रुंदीची हवी.

हेल्मेट, गॉगल, मोजे आणि हातमोज्यांचे दोन जोड घरूनच न्यावेत. गॉगलची एक काच ढगाळ दिवसासाठी फिकट रंगाची असू द्या. पांढऱ्या धुक्यात गडद काचेतून उंचसखलपणा दिसतच नाही.

नवख्यांचे पहिले दिवस

स्की की स्नोबोर्ड? गुलमर्गमध्ये पहिल्यांदाच शिकणाऱ्यांनी स्की घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. स्नोबोर्डचे पहिले दोन-तीन दिवस फार पडायला होतं. त्यात मैदानाचा बराच भाग इतका सपाट आहे की बोर्ड थांबतो आणि प्रत्येक वेळी पाय सोडवून चालावं लागतं. ओढणाऱ्या लिफ्टवरही मागचा पाय मोकळा ठेवून तोल सांभाळणं अवघड जातं. तरीही बोर्डच हवा असेल तर मनगटाचे गार्ड विसरू नका. पडताना हात आपसूक खाली टेकतो आणि मनगट मोडतं.

शिक्षक पर्यटन खात्याकडे नोंदलेला असावा, ओळखपत्र मागायला संकोच नको. एका शिक्षकामागे चार-पाचच शिकणारे, आणि सलग तीन दिवस तोच शिक्षक. रोज नवा शिक्षक घेतला की रोज पहिल्या धड्यापासून सुरुवात होते. क्रम साधारण असा असतो: एका स्कीवर सपाटीवर चालणं, आडवं पाऊल टाकत चढणं, पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून थांबणं, मग त्याच आकारात वळणं. स्वतःहून थांबता येईपर्यंत लिफ्टला हात लावू नका. नवरा-बायकोनं किंवा मित्रानं शिकवू नये. शिकवणाऱ्याचा दिवस वाया जातो आणि शिकणाऱ्याचा धीर.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांसाठी एक खास सूचना. पाय तयार असतात, दम असतो, पण घसाऱ्यावर उतरताना मागे रेलायची सवय अंगात मुरलेली असते. स्कीवर मागे रेललात की पुढची टोकं हलकी होतात, वळत नाहीत, वेग वाढतो, आणि घाबरून माणूस आणखी मागे जातो. नडगी बुटाच्या पुढच्या भिंतीला टेकलेली हवी, हात पुढे, नजर उताराखाली. आमच्या गटातल्या ट्रेकर मंडळींना सगळ्यात जास्त वेळ लागला तो एवढ्यासाठीच. निघायच्या सहा आठवडे आधीपासून भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसण्याचा व्यायाम केला तर मांड्या तिसऱ्या दिवशी दगा देत नाहीत.

मैदानात पर्यटक, स्लेज ओढणारे आणि घोडे मधूनच आडवे येतात. गोंडोलाच्या तळापासून लांबचा उतार निवडा आणि लवकर जा.

मधल्यांचं काय करायचं

गुलमर्गच ठरलं असेल तर मधल्यांसाठी वेगळा शिक्षक घ्या. त्यांना नवख्यांबरोबर ठेवलं तर ते वैतागतात. पट्टीच्यांबरोबर सोडलं तर फेज टूवर जातात आणि पहिल्या दोनशे मीटरमध्येच मांड्या संपतात. खोल बर्फात पडल्यावर सुटलेली स्की बर्फाखाली जाते, ती पडल्याच्या जागेपासून वरच्या बाजूला शोधायची असते, त्यात अर्धा तास सहज जातो. तोवर पुढचे खाली थांबून गारठतात.

पहिले दोन दिवस चेअरलिफ्टखालच्या उतारावर, तेही ती चालू असेल तर. आदल्या संध्याकाळी विचारा, ती रोज चालतेच असं नाही. तिसऱ्या दिवशी त्याच उताराच्या कडेला असलेल्या न दाबलेल्या बर्फात पाच-सहा वळणं, पुन्हा दाबलेल्या भागात, असं आत-बाहेर करत राहा. खोल बर्फात दोन्ही पायांवर वजन सारखं ठेवावं लागतं. सपाट उतारावर बाहेरच्या पायावर जोर द्यायची सवय इथे बुडवते. हे जमलं की शिक्षकाबरोबर कोंगदूरीवरून झाडांमधून बाबा रेशीकडे उतरता येतं, खाली टॅक्सी सांगून ठेवायची. मधल्यांच्या सुट्टीतला सगळ्यात आनंदाचा दिवस हाच असतो.

सगळ्यांनी भेटायची जागा कोंगदूरी ठेवा, दुपारी एक वाजता. गुलमर्गची ही मोठी जमेची बाजू आहे: स्कीइंग न करणारे आणि नवखे फेज वननं वर येतात, बाकीचे वरून उतरतात, एकत्र राजमा-चावल खातात. पायी येणाऱ्यांची गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन, ओळखपत्रासह, आधीच काढावी लागतात. स्कीवाल्यांच्या पासची व्यवस्था वेगळी आहे, ती तिथे पोचताच समजून घ्या.

फेज टू

गस्ती पथक लिफ्टजवळचा मुख्य उतार तपासून उघडतं. त्याच्या बाहेरचं सगळं स्वतःच्या जबाबदारीवर, आणि बाहेर जाणं म्हणजे फक्त एक कडा ओलांडणं. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवतच्या हिमस्खलनात पोलंडचे दोन जण गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला रशियाचा एक जण. हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतं, आणि पावडरवाल्यांना, म्हणजे खोल भुसभुशीत बर्फात उतरणाऱ्यांना, हवे असतात ते हेच उतार. ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याचा माग देणारं रेडिओ यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) प्रत्येकाकडे हवं आणि वापरता आलं पाहिजे. बर्फाखाली गाडल्या गेलेल्याला वाचवायला पहिली दहा-पंधरा मिनिटंच महत्त्वाची असतात. रोज सकाळी एकमेकांचे ट्रान्सीव्हर तपासा. मोबाइल त्यापासून वीस सेंटिमीटर दूर, शोधताना पन्नास. स्थानिक वाटाड्या घ्या, त्या दिवसाचं हिमस्खलन पत्रक वाचा. मोठ्या हिमवर्षावानंतर फेज टू कधी उघडेल याची घाई करू नका. वारा वाढला तरी तो बंद होतो, आठवड्यात दोन-तीन दिवस असे जाणार हे धरूनच चला. त्या दिवशी खालच्या जंगलात उतरा. अफरवतच्या मागे नियंत्रण रेषा जवळ आहे, वाट सोडून पलीकडे जाऊ नये.

विम्याची पॉलिसी वाचा. साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असतात, आणि जिथे असतात तिथेही ठरलेल्या उताराबाहेरचं स्कीइंग धरलेलं असतंच असं नाही.

हॉटेलला फक्त दोन प्रश्न विचारा: खोली कशानं गरम होते, आणि वीज गेल्यावर काय? लाकडाची बुखारी (खोली गरम करणारी शेगडी) असेल तर रात्री कोण पेटवणार आणि लाकडाचे पैसे वेगळे का, हेही. स्कीइंग न करणाऱ्यांसाठी बाहेरच्या गोल रस्त्यावर स्नोशू (बर्फात पाय रुतू न देणारे रुंद तळवे) घालून फेरी, १९०२ चं सेंट मेरी चर्च, स्लेज. भाव मात्र आधी ठरवून.

परतीच्या आदल्या रात्री श्रीनगरला उतरून राहा. सकाळी गुलमर्गहून थेट विमानतळ गाठायचं ठरवलं आणि रात्री बर्फ पडला, तर विमान गेलंच. श्रीनगर विमानतळावर तपासणीचे जास्त टप्पे आहेत, तीन तास हातात ठेवा. विमानं रद्द झाली तर जून २०२५ पासून श्रीनगर ते कटरा वंदे भारत आहे. तिथून जम्मू गाठून पुढचं विमान घेता येतं. तिच्या वेळा आणि तिकिटांची स्थिती निघायच्या आधीच फोनमध्ये टिपून ठेवा.