आमची वाटचाल: आधी अ‍ॅम्प कोणता ते सांगा

माझ्या काकांचं बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक रेडिओ टेबलावर ठेवायचं आणि बहुतेकांची तक्रार एकच असायची, ‘आवाज फाटतोय.’ काका पेटी उघडायचे, व्हॉल्व्ह (आवाज वाढवणारी काचेची नळी) बदलायचे नाहीतर फुगलेला कंडेन्सर काढायचे आणि आवाज पुन्हा गुळगुळीत करून द्यायचे. त्याच टेबलावर 2009 साली मी आणि माझ्या मामेभावाने गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारी डबी बनवायला घेतली. काकांनी पहिली डबी ऐकली आणि विचारलं, "ह्याचे पैसे कोण देतं?"

देणारे होते. कॉलेजच्या बँडमधली मुलं जुन्या रॉकच्या मागे होती आणि अशी परदेशी डबी, म्हणजे पायाने दाबायचं ओव्हरड्राइव्ह पेडल, कुणाच्या तरी अमेरिकेतल्या भावाच्या बॅगेतूनच यायचं. आम्ही तपकीर गल्लीतून सुटे भाग आणायचो. लेझर प्रिंटरवर काढलेला सर्किटचा नकाशा इस्त्रीने तांब्याच्या पत्र्यावर उमटवायचा आणि नको असलेलं तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये सोडायचा. काकूंची एक परात त्यात कायमची पिवळी झाली, तो विषय घरात अजून निघतो.

पहिलं मॉडेल म्हणजे सरळसरळ ट्यूब स्क्रीमरची नक्कल. आयबानेझने 1970च्या दशकाच्या अखेरीस आणलेलं हे जपानी पेडल. जगातली निम्मी ओव्हरड्राइव्ह पेडलं त्याचीच भावंडं असावीत, असं मला वाटतं. आत एक ऑप-अ‍ॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, त्याच्या फीडबॅकमध्ये आवाजाची टोकं कापणारे, पाठीला पाठ लावलेले दोन डायोड, पुढे टोन आणि लेव्हलची बटणं. सर्किट इतकं आटोपशीर की ते सोल्डर केलं की आपल्याला इलेक्ट्रॉनिक्स आलं असं वाटायला लागतं. आम्हालाही वाटलं. पहिल्या पन्नास डब्या चार महिन्यांत संपल्या.

मग त्या परत यायला लागल्या. बिघडलेली एकही नव्हती. कोथरूडच्या एका मुलाने डबी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "दादा, इथे वाघ होता, घरी नेला तर शेळी झाली." दुसरा म्हणाला, गिटार नाकातून बोलतंय. तिसऱ्याने काही न बोलता पैसे मागितले. पन्नासातल्या एकोणीस परत आल्या. दोन माणसांच्या धंद्याला हे झेपणारं नव्हतं.

दोष सापडायला दोन आठवडे लागले, आणि सापडला तो डबीत नव्हे, आमच्या दुकानात. गिऱ्हाइकाला डबी ऐकवायला आम्ही जो अ‍ॅम्प वापरायचो, तो मामेभावाने काकांच्या अडगळीतून बांधला होता. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे दोन ईएल84 व्हॉल्व्ह, जुना ट्रान्सफॉर्मर आणि बारा इंची स्पीकर. ईएल84 म्हणजे व्हॉक्सच्या एसी30 ह्या विलायती अ‍ॅम्पमध्ये चार असतात तोच व्हॉल्व्ह, आपल्याकडे तो रेडिओत असायचा. हा अ‍ॅम्प सातवर ठेवला की पेडल नसतानाच फाटायच्या बेतात असायचा. डबी त्याला फक्त मागून ढकलायची. अर्धं काम अ‍ॅम्प करत होता आणि कौतुक आम्ही घेत होतो. मुलांच्या घरी मात्र पंधरा वॅटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प, आठ इंची स्पीकर, आणि आवाज दोनच्या वर गेला की शेजारचे आजोबा दारात. तिथे ढकलायला काही नव्हतंच.

ट्यूब स्क्रीमर बनवणाऱ्याने हे सगळं गृहीत धरलेलं आहे, हे आम्हाला त्यानंतर कळलं. त्यात 4.7 किलोओहमचा रेझिस्टर आणि 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहेत. गुणाकार-भागाकार केला की 720 हर्ट्झ येतात. त्याच्या खालचे सूर पेडल कमी कमी उचलत जातं. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर 82 हर्ट्झची असते, म्हणजे तिचं बरंचसं अंग बाहेरच राहतं. मोठ्याने लावलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला हे वरदान आहे, कारण त्याच्यात खर्ज आधीच भरपूर असतो आणि आणखी घातला तर नुसता गिचका होतो. घरच्या छोट्या अ‍ॅम्पला तोच गुण दोष होतो, मधला सूर तेवढा पुढे येतो आणि बाकी सगळं वाळून जातं. आम्ही कपॅसिटर 0.22चा केला. तो आकडा 154 हर्ट्झपर्यंत खाली आला आणि कोथरूडच्या मुलाचा अ‍ॅम्प भरून बोलायला लागला. तीच डबी आमच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला लावली तेव्हा चिखल झाला.

त्या दिवसापासून दुकानातला पहिला प्रश्न बदलला. ‘कोणतं पेडल हवं?’ हे विचारणं आम्ही सोडून दिलं. आधी अ‍ॅम्प कोणता, स्पीकर किती इंची, आवाज किती लावता आणि शेजारी कसे आहेत, हे विचारतो. शेवटच्या प्रश्नावर लोक हसतात, पण क्लासिक रॉकच्या आवाजात शेजाऱ्यांचा भाग फार मोठा आहे.

कसा, तर मार्शलचं उदाहरण बघा. जिम मार्शल यांचं पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलला ड्रम आणि वाद्यांचं दुकान. अमेरिकेहून येणारे फेंडर अ‍ॅम्प तिथल्या पोरांना परवडत नव्हते, म्हणून 1962 साली त्यांच्या माणसांनी फेंडर बासमन समोर ठेवून स्वतःचा अ‍ॅम्प बांधला, जेटीएम45. नक्कलच, पण इंग्लंडात मिळणाऱ्या सुट्या भागांतून. बासमनमध्ये पहिला व्हॉल्व्ह 12एवाय7 होता, ह्यांनी ईसीसी83 घातला, तो जास्त गेन देतो, म्हणजे आवाज जास्त वाढवतो. मोकळ्या पाठीच्या पेटीतल्या चार दहा इंची स्पीकरांच्या जागी बंद पेटीत चार बारा इंची आले. एवढ्यानेच आवाजाची जातकुळी बदलली. मिळेल त्या भागांत भागवताना वेगळंच काहीतरी हाती लागतं, हे वाचून आम्हाला धीर आला, खोटं कशाला बोला.

ह्या अ‍ॅम्पांना आजच्यासारखा मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे फाटणं तसंच ठेवून आवाज कमी करणारं बटण, नव्हतं. फाटका आवाज हवा असेल तर पूर्ण अ‍ॅम्प चढवायचा, दुसरा रस्ताच नाही. 1965च्या सुमाराला ‘द हू’ बँडच्या पीट टाउनशेंडसारख्या गिटारवादकांच्या मागणीवरून शंभर वॅट आले, तेव्हा तो आवाज मैदानाचा झाला. ज्या आवाजाच्या शोधात मुलं आमच्याकडे येतात, तो अशा चढवलेल्या अ‍ॅम्पचा आहे. तो वन बीएचकेत आणायचा म्हणजे दोनच वाटा. अ‍ॅम्प थोडाफार फाटत असेल तर त्याला ढकलणारं पेडल घ्या, ड्राइव्ह कमी आणि लेव्हल जास्त ठेवा. अ‍ॅम्प स्वच्छच राहणार असेल तर स्वतःच अ‍ॅम्पचं सोंग घेणारं पेडल हवं.

हे दुसरं पेडल बनवताना आमचे तीन पावसाळे गेले. अ‍ॅम्पमधल्या प्रत्येक व्हॉल्व्हच्या जागी एक जेफेट ट्रान्झिस्टर बसवायचा, बाकीचा नकाशा बराचसा अ‍ॅम्पचाच ठेवायचा, ही कल्पना आमची नाही, जगभरचे हौशी लोक ती करत होते. अडचण जे201 नावाच्या जेफेटची. एकाच पाकिटातले दोन नग एकसारखे निघत नाहीत. म्हणून प्रत्येकाला वेगळा ट्रिमपॉट (पेचकसाने फिरवायचा छोटा रेझिस्टर) लावून त्याचं व्होल्टेज नऊ व्होल्टच्या अर्ध्याच्या जरासं वर आणावं लागतं. हे काम माझ्या वहिनींकडे आलं. त्या पूर्वी भोसरीच्या एका कारखान्यात सर्किटच्या पाट्यांवर (पीसीबी) काम करायच्या. डाव्या हातात मल्टिमीटर, उजव्या हातात पेचकस, मोबाइलवर मालिका चालू. त्यांनी लावलेला एकही नग ह्या कारणाने परत आलेला नाही. मी लावलेले आले आहेत.

एकदा स्वस्तात मिळाले म्हणून दोनशे जे201 घेतले. वर छापलेलं बरोबर होतं, आत भलतंच काही. वहिनींनी चौथ्या नगावरच सांगितलं, "भाऊजी, हे ते नाहीत." मी ऐकलं नाही आणि अख्खी तुकडी बांधून मोकळा झालो. मग जुन्या पायांचे जे201 बनणंच बंद झालं. आता नखाएवढे, थेट पाटीवर चिकटवायचे एसएमडीवाले येतात, ते छोट्या पट्टीवर बसवून वापरतो.

आमची तिसरी डबी, बारीक सूर चढवणारा ट्रेबल बूस्टर, मला सर्वांत आवडते आणि सर्वांत कमी खपते. एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर. साठच्या दशकात इंग्लंडात डॅलस रेंजमास्टर नावाची डबी होती. गिटारवादक रोरी गॅलाघर ती एसी30 मध्ये वाजवायचे, क्वीन बँडचे ब्रायन मेसुद्धा ट्रेबल बूस्टर आणि एसी30 ह्याच जोडीवर उभे राहिले. आम्ही जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंतले एसी128 घातले. हिवाळ्यात बनवल्या, सुंदर वाजल्या. मे महिन्यात सोलापूरला मोकळ्या मैदानावर कार्यक्रम होता, डबी दुपारभर स्टेजवर उन्हात. जर्मेनियम तापलं की त्याची गळती वाढते, बायस, म्हणजे त्याचं लावून दिलेलं व्होल्टेज, सरकतो. पहिल्याच सोलोला आवाज घसा बसल्यासारखा झाला. तो मुलगा स्टेजवरूनच फोन करत होता. तेव्हापासून उन्हाळ्यात वाजवणाऱ्याला आम्ही सिलिकॉनवाली देतो, आणि ती त्याला मनापासून आवडत नाही हेही आम्हाला ठाऊक आहे.

चिपवरून होणाऱ्या वादात मी पडत नाही. ‘जेआरसी4558च हवी’, म्हणजे जुन्या ट्यूब स्क्रीमरमधलीच चिप हवी, म्हणणारे दर आठवड्याला येतात. वर टॉवेल टाकून तीन वेगवेगळ्या चिप ऐकवल्या, तर आमच्या दुकानात आजवर कुणी छातीठोकपणे ओळखलेली नाही. डायोड बदलले तर मात्र लगेच कळतं. साधा सिलिकॉन 1एन4148 सुमारे 0.6 व्होल्टला कापायला लागतो, लाल एलईडी 1.7च्या आसपास. एलईडीने आवाज मोठा आणि मोकळा होतो, सिलिकॉनने दाबलेला. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन डायोड ही बॉसने 1977च्या ओडी-1 मध्ये केलेली युक्तीही कानाला कळते. आणि दोन पेडलं शेजारी ठेवून ऐकताना लेव्हल सारखी केल्याशिवाय निवाडा करू नका. जे जरा मोठ्याने वाजतं तेच चांगलं वाटतं. जरा मोठं लावून मीही पेडलं विकली आहेत.

2020च्या टाळेबंदीनंतर गिऱ्हाईक पुन्हा बदललं. आता अ‍ॅम्पच नसतो. गिटार, पेडल, ते संगणकाला जोडणारा ऑडिओ इंटरफेस, हेडफोन. आणि तक्रार, की मधमाश्या गुणगुणतायत. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं सगळं गिळून टाकतो, हेडफोन काहीच गिळत नाही. पेडल कितीही भारी घ्या, पुढे स्पीकरचं सोंग करणारं काहीतरी लागतंच. अशा लोकांना आम्ही आधी संगणकावर फुकट मिळणारं कॅबिनेट आयआर (स्पीकरच्या पेटीची नक्कल करणारी फाइल) टाकायला सांगतो. निम्म्या लोकांना मग नवीन पेडल लागत नाही. मामेभाऊ म्हणतो, असा धंदा करायचा नसतो.

आता आम्ही नऱ्ह्याला एका शेडमध्ये आहोत, पाच माणसं. गेल्या महिन्यात इचलकरंजीहून एका बेंजो पार्टीवाल्याचा फोन आला. मी सवयीने विचारलं, "अ‍ॅम्प कोणता?"

"अ‍ॅम्प कुठला, साहेब. ट्रॉलीवर आठ स्पीकर हायत, मंडळाचे."

त्याच्या बेंजोची सर्वांत बारीक तार कानाला टोचू नये म्हणून टोनचा कपॅसिटर सध्या तीनदा बदलून झाला आहे. गणपतीच्या आधी त्याला चार डब्या हव्यात.