एक रायफल, दोन सावजं : नोंद तिसरी

हरीण आणि कायोटी (कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) दोघांसाठी एकच रायफल हवी होती. मागच्या नोंदीत .२२३ आणि .२४३ या दोन काडतुसांत (आकडा साधारण गोळीची जाडी, इंचांत) अडकले होते. निकाल लागला, .२४३ विंचेस्टर. टेक्सासात हरणासाठी सेंटरफायर (बुडाच्या मधोमध ठिणगीची टोपी असलेलं) काडतूस असलं की पुरे, त्यामुळे .२२३ने पांढरशेपट्या हरीण मारणं इथे कायदेशीर आहे. पण पुढच्या वर्षी कोलोरॅडोत म्यूल डिअरला जायचं घाटतंय. तिथे हरणाला किमान .२४ कॅलिबर आणि ७० ग्रेनची गोळी लागते (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप). वाद तिथेच मिटला.

शेजारच्या काकांचा आग्रह ६.५ क्रीडमूरचा होता. २००७ सालचं हे काडतूस उत्तमच आहे, पण कायोटीसाठी हलक्या गोळ्या .२४३मध्ये जास्त मिळतात आणि खांद्याला धक्काही थोडा कमी बसतो. शिवाय .२४३ १९५५ पासून बाजारात आहे. मूळ .३०८ या जाड काडतुसाचीच पुंगळी, तोंडाशी आवळलेली.

खरा वेळ गेला तो दस्त्यात, म्हणजे रायफलच्या खांद्याला टेकणाऱ्या भागात. माझी उंची पाच फूट दोन इंच. दुकानात टी-शर्टवर बंदूक खांद्याला लावली तेव्हा झकास वाटली. घरी थंडीचं जाकीट घालून लावली, तर डोळा लांब राहून रायफलवरच्या दुर्बिणीत काळी कड दिसायला लागली. मान पुढे काढून नेम धरला आणि पहिल्याच दिवशी दुर्बिणीने भुवईवर चंद्रकोर उमटवली! दस्ता पाऊण इंच कापून घेतला, दुर्बीण थोडी मागे सरकवली, मग जमलं. बुटक्या मंडळींनो, दुकानात जाकीट घेऊन जा, मग तिथले लोक हसोत.

रायफल टिक्का टी३एक्स, बोल्ट अ‍ॅक्शन (प्रत्येक गोळीला हाताने खिट्टी ओढायची), नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांना १० इंचांत एक पीळ. बेत असा की कायोटीला ५८ ग्रेनची झपाट्याने फुटणारी गोळी आणि हरणाला १०० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट, म्हणजे मऊ टोकाची. कागदावर दोन्ही छान. १०० यार्डांवर तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, इंचाच्या आसपास येत होता. फक्त दोन्ही ग्रुप एका जागी नव्हते. माझ्या नळीतून ५८ची गोळी १००च्या गोळीपेक्षा दोन इंच वर आणि इंचभर डावीकडे लागते.

हे माहीत असूनही फसले. टेक्सासातल्या लॅनो गावाजवळच्या रान्चवर पहाटे जखमी सशाचा आवाज लावून बसले होते. कायोटी वाऱ्याच्या खालच्या बाजूने वळसा घालून आला, सव्वाशे यार्डांवर थबकला. दुर्बीण हरणाच्या गोळीवर झिरो केलेली, म्हणजे नेम तिच्यासाठी जुळवलेला, आणि मॅगझिनमध्ये ५८. गोळी पाठीवरून गेली. हरणाच्या छातीत आठ इंचांची जागा असते, कायोटीच्या जेमतेम चार. दोन इंचांची चूक हरणाने पचवली असती, याने नाही.

म्हणून आता दोघांनाही एकच १०० ग्रेनची गोळी. १०० यार्डांवर दीड इंच वर ठेवली की २००च्या आसपास नेमकी बसते. उलटं, म्हणजे दोघांनाही ५८, चालणार नाही. ती गोळी हरणाच्या फऱ्यावर वरच्यावर फुटते आणि जनावर जखमी होऊन निसटतं. माझ्या निवडीचा तोटा म्हणजे कातडीला मागून मोठं भोक पडतं. मला कातडी विकायची नाही, रान्चवाल्यालाही नको. त्याला शेळ्यांची करडं वाचवायची आहेत. पण जड गोळी कायोटीतून आरपार जाऊन पुढे जाते आणि पुढे त्याच शेळ्या असतात. त्यामुळे मागे मातीचा चढ नसेल तर चापावर बोटच ठेवायचं नाही, असं ठरवलंय. या महिन्यात दोन कायोटी त्यापायी सोडून दिले.

आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "तिकडे जाऊन हेच शिकलीस का?" संगमेश्वरला आजोबांची ठासणीची बंदूक भिंतीवर असायची, भातात डुक्कर उतरले की काढायचे. बंदुकीची दारू नेहमी एकाच बाटलीच्या झाकणाने मोजायचे. झाकण हरवलं तेव्हा दोन दिवस घरभर शोधत होते, दुसऱ्या झाकणाला हात लावला नाही. तेव्हा आम्ही हसायचो.

५८ ग्रेनची सतरा काडतुसं उरली आहेत. ती रविवारी कागदावर संपवते. त्यानंतर दुर्बिणीचे स्क्रू घट्ट करून पुन्हा झिरो, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी हरणाचा हंगाम उघडतो.