डोळ्यांच्या बाकावरचा माणूस

पोळा होऊन तीनेक आठवडे झाले असतील. शिपाईमामांनी दारातून डोकावून हळूच सांगितलं, "मॅडम, तो लाल दुपट्टावाला आजही आला. डोळ्याच्या बाकावर बसते, बारा वाजले का उठून जाते. तिसरा मंगळवार आहे हा."

विदर्भातल्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दर मंगळवारी आमची मानसोपचाराची ओपीडी असते. जिल्ह्याहून डॉक्टर येतात, सोबत मी. हुद्दा सायकियाट्रिक सोशल वर्कर, पण लोकांसाठी मी 'बोलणाऱ्या मॅडम'. आमची खोली ९ नंबरची. शेजारच्या ८ मध्ये डोळे तपासतात आणि दोन्हींना मिळून एकच लांब बाक आहे. त्यावर काही रेघ मारलेली नाही, तरी आमच्या अर्ध्यात कुणी बसत नाही. जिन्यात उभे राहतील, नाव पुकारलं की पदर ओढून पटकन आत शिरतील.

बाहेर गेले तर पंचेचाळिशीचा माणूस, दाढी वाढलेली, हातात डोळ्यांचा केसपेपर. शेजारी बसले.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"डोळे चांगले आहेत म्हनते. पन मले समोर सगळं धुरकट दिसते."

"आणि झोप?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तीन वाजताच डोळा उघडते. मंग पडून राहतो."

'मन उदास आहे' असं सांगत आमच्याकडे जवळजवळ कुणीच येत नाही. डोकं जड, हातापायात जीव नाही, छातीत धडधड, अन्न गोड लागत नाही, असंच सुरू होतं. त्यामुळे माणूस आधी बाकीची सगळी दारं पालथी घालतो. या काकांनी दीड वर्षात गावच्या डॉक्टरकडून ताकदीची सलाईनं लावून घेतली होती, कंबरेचा एमआरआय काढला होता, दोन ठिकाणी अंगारा घेऊन झाला होता. अडाणीपणा म्हणून मी याला हसत नाही. अंग दुखतं म्हटल्यावर अंगाचा डॉक्टर शोधणं यात चूक काय?

"आत पंखा आहे, आत बसू," म्हटलं. ते उठले, दारावरची पाटी वाचली आणि थांबले.

"केसपेपरवर काय लिवता तुमी?"

आजार काय, गोळी कोणती, बरा होईन का, यातलं काहीही विचारायच्या आधी हा प्रश्न. थोरल्या मुलीचं लग्न जमलं होतं, तारीख तुळशीच्या लग्नानंतरची. व्याह्यांचं गाव याच रस्त्यावर, दोन थांबे अलीकडे, आणि त्यांचीही माणसं याच रुग्णालयात येणारी. आमच्या कागदावर निळा गोल शिक्का बसतो, 'मानसोपचार विभाग'. तो शिक्का कुणी पाहिला तर सोयरीक मोडेल, ही भीती दीड वर्षाच्या जागरणापेक्षा मोठी होती.

मग कळलं, आशाताई जुलैमध्येच घरी येऊन गेल्या होत्या. २०१५ साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला, तेव्हापासून आशाताई घरोघरी जाऊन झोप, उदासी अशा मनाच्या तब्येतीचे प्रश्न विचारतात. योजना चांगलीच. पण इथली आशा नात्यातली, चुलतभावाची सून. काकूंनी तिला चहा पाजला आणि "आमच्या घरी कोनी येडं नाही" म्हणून वाटेला लावलं. गावातली असल्यामुळे तिला घरात प्रवेश मिळतो, आणि गावातलीच असल्यामुळे तिच्यासमोर कुणी तोंड उघडत नाही. १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायच्या सरकारी सेवेच्या, नंबरचा कागद तिने दिला होता. पण घरात मोबाईल एकच, आणि तो पोराकडे.

"मंग आज कसे आलात?"

"साडभाऊनं धाडलं. तो घेते तुमच्याइथून गोळ्या. त्यानं सांगतलं, नऊ नंबरात जाय, मॅडम लोकायसमोर काही विचारत नाही."

साडभाऊ वर्षभर आमच्याकडे येत होता आणि त्याने हे या एकाच माणसाला सांगितलं होतं.

नऊ प्रश्नांची प्रश्नावली काढली. आठ प्रश्न सरळ गेले. नवव्याला, म्हणजे जीव नकोसा होण्याच्या प्रश्नाला, त्यांनी दुपट्ट्याच्या टोकाला गाठ मारली, सोडली, परत मारली. "येते मनात. फवारनीचा डबा दिसला का येते." त्यांना विचारूनच मी माझ्या फोनवरून साडभाऊला फोन लावला. संध्याकाळी घरातले सगळे डबे त्याच्या गोठ्यात, कुलपात गेले. काकूंनाही तोच सांगणार होता.

डॉक्टरांनी तपासलं, नैराश्याचं निदान केलं, पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहिल्या. मी समजावलं: सवय लागत नाही, पहिले काही दिवस मळमळेल, फरक पडायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर सोडायच्या नाहीत. ते मान हलवत होते, पण लक्ष घड्याळाकडे. अडीचची एसटी चुकली तर पुढची साडेपाचला. गोळ्या फुकट असल्या तरी दिवस फुकट नसतो. तिकीट, बुडालेली मजुरी, आणि 'कुठं गेलता?'ला द्यायचं उत्तर.

औषधाच्या खिडकीवर मात्र व्हायचं तेच झालं. आतून आवाज आला, "मेंटलवाला कोण आहे?" दहा जणांची रांग वळली. काका रांगेतून बाजूला झाले, थेट गेटकडे. मी पळत जाऊन गोळ्या घेतल्या आणि एसटी स्टँडवर त्यांना गाठलं. पाकीट घेतलं, केसपेपर शिक्का आत जाईल असा घडी करून बनियनच्या खिशात ठेवला. एक शब्द बोलले नाहीत.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या १०० रुग्णांपैकी साधारण ८५ जण उपचाराविना आढळले होते. १२ राज्यांच्या त्या पाहणीत महाराष्ट्र नव्हता. तरी तो आकडा वाचताना मला हल्ली ती खिडकी आठवते.

पंधरा दिवसांनी ते आले नाहीत. साडभाऊ म्हणाला, सोयाबीन काढणं चालू आहे. आले ते पाचव्या आठवड्यात. गोळ्या कधीच संपल्या होत्या, झोप पुन्हा तीनला तुटत होती. डॉक्टर थोडे चिडले. परत पहिल्यापासून सुरू.

त्या दिवसापासून गोळ्यांचा डबा मीच नऊ नंबरात आणून ठेवते. फार्मासिस्टना हे नियमात बसत नाही असं वाटतं, त्यावर आमचा वाद चालू आहे. मामांनाही सांगितलंय, नाव पुकारायचं नाही, खुणेनं बोलवायचं. काका अजून डोळ्यांच्याच बाकावर बसतात.